भुऱ्याचं लोढणं

इंद्रभानमामा चारचौघांत कुत्र्याच्या अंगावरून कधी हात फिरवत नसत. कुत्रं जवळ आलं की ते त्याच्याकडे न पाहता उभे राहत, आणि थोड्या वेळानं ते कुत्रं आपणहून त्यांच्या पायाशी बसे. लोकांना याचं नवल वाटे. मामा म्हणत, "त्याच्यात काय हाय? मी त्याले काई मांगत नाई, म्हणून थो बसते."

वय एकाहत्तर. उंच, कमरेत थोडे वाकलेले, खांद्यावर कायम एक चौकड्याचं उपरणं. डाव्या पोटरीवर रानडुकरानं फाडल्याची लांब खूण. बायको वारून बारा वर्षं झाली, मूलबाळ झालं नाही. त्यांचे वडील गावातल्या रामराव देशमुखांच्या आजोबांकडे शिकारी कुत्री सांभाळत. लहानपणी मामा त्या कुत्र्यांमागे सशांसाठी रानोमाळ पळालेले. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. मग मामा कुत्री घेऊन शेतं राखू लागले. आमच्याकडे त्याला जागल म्हणतात. पेरणीपासून हरभरा निघेपर्यंत रात्रभर मचाणावर बसायचं, डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, आले की हाकारायचे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. आमची शेतं सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यामुळे हाकारायला काही कमी नव्हतं. गावात कुणाचं कुत्रं बिघडलं की माणसं त्यांच्याकडेच येत. आमच्या शेजारच्या कोकिळाकाकू म्हणायच्या, "इंद्रभानचं कुत्रं बिडी तेवढी पेटवत नाई. बाकी सारं येते त्याले."

माझ्या सासऱ्यांचे ते मित्र. सासरे गेल्यावरही रोज सकाळी ओट्यावर येऊन "जय भीम सूनबाई" म्हणायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. मी मेहकरची, बी.ए. झालेली, लग्नानंतर या गावात आले. पहिली दोन-तीन वर्षं मला इथली बोली नीट कळत नसे तेव्हा मामाच हळू बोलून समजावत. नवरा, प्रसेनजित, वीज उपकेंद्रात नोकरीला. त्याच्या पाळ्या बदलत राहतात. घरात बहुतेक वेळ मी आणि चार वर्षांची समता.

भुऱ्या आला तो गेल्या जानेवारीत. माझी नणंद दुसरबीडला दिलेली आहे. तिच्या सासरी लांब तोंडाची, पोट खपाटीला गेलेली, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. डुकरांनी आमचा मका लोळवला म्हणून प्रसेनजितनं तिथून सात महिन्यांचं एक कुत्रं आणलं. भुरकट रंगाचं, म्हणून भुऱ्या. दिसायला देखणा होता. अंगणात उभा राहिला की जाणारा-येणारा थांबून पाही.

मामांनी त्याला पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "लेका, उशिरा आनलं."

"काय झालं मामा? तरणंताठं आहे," प्रसेनजित म्हणाला.

"तेच तं. या जातीचं पिल्लू डोळे उघडले की बकऱ्याइच्या गोठ्यात बांधा लागते. बकरीच्या अंगाले अंग लावून निजलं पायजे. मग थे त्याचं घर होते. हा सात महिने मोकळा पळला. आता त्याच्या डोळ्यापुढं जे पळीन थे त्याचं."

ते खरं होतं. पहिल्या आठवड्यात दोन कोंबड्या गेल्या. मग एका सकाळी शेतात ससा धरला. तेव्हा मात्र आमच्याच घरात आनंद झाला. प्रसेनजितनं मोबाइलवर फोटो काढला, चार जणांना दाखवला. मामा आले, फोटो पाहिला आणि म्हणाले, "हे पुसून टाक. एक तं हा गुन्हा हाय. दुसरं म्हणजे तू हासला, थे त्यानं पाह्यलं."

मी मात्र हसले नव्हते. कारण मी काही वेगळंच पाहत होते. समता अंगणात पळाली की भुऱ्याचे कान उभे राहायचे. तो भुंकत नसे, गुरगुरत नसे. नुसता मान खाली घालून, एक पाय उचलून तिच्याकडे बघे. ती थांबली की तोही सैल पडे. ती परत पळाली की परत तसाच. एरवी ती त्याच्या अंगावर लोळायची, कान ओढायची, त्याचं त्याला काही नव्हतं. मी मामांना सांगितलं. त्यांनी मला वेड्यात काढलं नाही.

"त्याले राग नाई सूनबाई," ते म्हणाले. "राग असता तं मारून काढता आला असता. पळते थे धराचं, एवढंच त्याले समजते. पोरीले सांगा, त्याच्यासमोर पळू नको."

चार वर्षांच्या मुलीला आम्ही अंगणात पळायला बंदी केली. सबंध उन्हाळा मी "चाल, पळू नको, चाल" एवढंच बोलत होते असं वाटतं. ती झोपली तरी माझ्या कानात तिच्या पायांचा आवाज असायचा.

एप्रिलच्या शेवटी भुऱ्यानं कोकिळाकाकूंचं करडू मारलं. काकू विधवा, नऊ बकऱ्यांवर त्यांचं घर. करडू गल्लीतून उड्या मारत चाललं होतं. भुऱ्यानं कुंपणावरून झेप घेतली, एकदाच मानेला धरलं आणि सोडून दिलं. खाल्लंही नाही. नुसता शेपूट हलवत आमच्याकडे बघत उभा राहिला.

काकू मेलेलं करडू पदरात घेऊन आमच्या दारात आल्या. "काय व मंजुश्री, हे काय घर राखनारं कुत्रं हाय का वाघ? आज बकरी, उद्या कोनाचं लेकरू! मारून टाका त्याले, नाई तं मी मारतो विळ्यानं."

गल्ली जमली. रामरावही आले. ते गावातले मोठे शेतकरी, त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "प्रसेनजित, ठेवण्यात अर्थ नाही. एकदा रक्त लागलं की संपलं."

मनातून मलाही तेच हवं होतं, हे इथं लिहायला हवं. तेवढ्यात मामा पुढं झाले.

"कोकिळे, मले पोळ्याच्या पुढचा महिना येईपर्यंत दे. हा तुह्याच बकऱ्याइत राहीन अन् एकीलेबी हात लावनार नाई."

"अन् लावला तं?"

"तं जबाबदारी माही. याचीबी अन् तुह्या बकरीचीबी. मंग मी आहो अन् हा आहे."

काकूंचा नवरा गेला त्या वर्षी मामांनी त्यांच्या शेतावर एक दाणाही न घेता जागल केली होती. काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तुह्या तोंडाकडं पाहून देतो हो. त्याच्या नाई."

दुसऱ्या दिवशी मामांनी बाभळीचा हातभर ओंडका तासून आणला. साखळीनं तो भुऱ्याच्या गळ्यात अडकवला. ओढाळ गुरांना घालतात तसं लोढणं. चालताना ते नुसतं हलत राही; पळायला गेला की पुढच्या दोन्ही पायांच्या नळ्यांवर आदळे. पहिले काही दिवस भुऱ्या पळायला जाई, आपटे, विव्हळे, परत उठे. मामा बघत उभे राहत. माझ्याच्यानं बघवत नसे.

रोज सकाळी मामा त्याला काकूंच्या गोठ्यात नेत. आधी बकऱ्यांनी पाणी प्यायचं, मग त्यानं. आधी त्यांनी चारा खायचा, मग त्याची भाकरी. काकूंचा एक म्हातारा बोकड होता, तो भुऱ्याला धडका देई. भुऱ्या ओरडला की मामा बोकडाला म्हणत, "मार लेका, अजून एक मार. तूच याचा मास्तर." काकू हसत. "त्याले पगार चालू करा मंग!" दुपारी मामा भुऱ्याला घेऊन कळपामागं रानात जात. बकरी उधळली की दोर एकदा खेचायचा आणि तोंडानं हलकेच "हं" करायचं. एवढंच. आवाज कधी चढवला नाही, काठी कधी उचलली नाही.

श्रावणात एक दिवस मामांनी मला मुद्दाम गोठ्यात बोलावलं. भुऱ्या मधोमध बसला होता. आठ दिवसांचं एक करडू त्याच्या पाठीवरून उडी मारून पलीकडे गेलं, परत आलं, परत गेलं. भुऱ्या जागचा हलला नाही.

"पाह्यलं?" मामांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "आठ-दहा दिवसांत लोढणं काढीन."

मी पाहिलं होतं. भुऱ्याचं सगळं अंग थरथरत होतं. कानांच्या टोकांपासून मांड्यांपर्यंत. डोळे त्या करडावरून एक क्षण हटत नव्हते. मी मामांना ते बोलून दाखवलं नाही. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मग पोळा आला. आमच्याकडे पूजा नसते, पण त्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, अंगावर आसूड ओढत नाहीत. घरातल्या कुठल्याच कष्टाच्या जनावराला त्या दिवशी ओझं नाही. हे सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. रामरावांचे बैल सजवून नेण्याचा मान दरवर्षी मामांचा, कारण तरुणपणी ते त्यांच्याकडे सालदार होते. सकाळी भुऱ्याला आमच्या अंगणातल्या निंबाला बांधून ते गेले. प्रसेनजित ड्यूटीवर होता.

लोढण्यानं भुऱ्याच्या नळ्यांवर जखमा झाल्या होत्या. त्या दिवशी एक चिघळून तिच्यावर माश्या बसत होत्या. समता त्याच्याजवळ बसून रडायला लागली. "आई, आज बैलांचं काढलं ना? मग याचं?"

मी लोढणं काढलं.

मी फाटकाची कडी घातली. साखळी लोढण्यालाच होती, ती निघाली, म्हणून मी त्याला दोरानं बांधलं. जखम धुतली, हळद आणि तेल लावलं. त्यानं मान माझ्या गुडघ्यावर ठेवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली नाही. मला वाटलं, मामांनी ज्याला शिकवलं त्याच्यावर मीही एकदा विश्वास ठेवावा. मग गल्लीतून सजवलेले बैल निघाले, घुंगरांचा आवाज आला, आणि मी समताला कडेवर घेऊन पाहायला बाहेर गेले. अर्धा तास, फार तर. परत आले तेव्हा दोर चावून तोडलेला होता आणि कुंपणापाशी केस अडकले होते.

सणामुळे काकूंनी त्या दिवशी बकऱ्या रानात सोडल्या नव्हत्या. गोठ्याचं दार बंद, आत सगळ्या कोंडलेल्या. पळायला जागा नाही, म्हणून त्या गोल गोल पळत राहिल्या असतील. भुऱ्या ताटीवरून आत उतरला होता. पाच बकऱ्या पडल्या होत्या, त्यात एक गाभण. म्हातारा बोकड कोपऱ्यात उभा होता, त्याला धक्काही लागला नव्हता. तो पळाला नसावा.

पोळ्यातून माणसं तशीच धावत आली, कुणाच्या हातात बैलाचा कासरा, कुणाच्या हातात तोरणाची आंब्याची पानं. काकू जमिनीवर बसून गाभण बकरीच्या पोटावर हात ठेवून होत्या, रडतही नव्हत्या. मामा गर्दीतून आत आले. त्यांनी भुऱ्याच्या गळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

रामराव म्हणाले, "इंद्रभान, लोढणं कोणी काढलं?"

मी तोंड उघडलं. माझ्या कडेवर समता होती, तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं होतं. मामांनी तिच्याकडे एकदा बघितलं.

"म्या काढलं," ते म्हणाले. "सनाचा दिवस म्हणून. माही चूक झाली."

"तुझ्या नावावर हा जिवंत होता, इंद्रभान."

"हाव. मी नाई कोठं म्हनतो?"

काकूंनी मान वर केली. "इंद्रभान, तू?" एवढंच म्हणाल्या. मी गप्प राहिले. त्या वेळी बोलायला मला चार शब्द पुरले असते. माझ्याजवळ ते होते.

कुणीतरी कुऱ्हाड आणली. मामा भुऱ्याच्या आणि त्या माणसाच्या मधे उभे राहिले. "मी सांगतलं होतं ना, मी आहो अन् हा आहे. हा गावात दिसनार नाई तुमाले." त्यांनी उपरणं काढून भुऱ्याच्या गळ्यात बांधलं आणि दोघं गावाबाहेर गेले. आमच्या शेतात नाल्याकाठी एक झोपडी आहे, तिथं.

रात्री प्रसेनजितला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता बोलून काय होणार? मामांनी घेतलं अंगावर. आपल्याला याच गल्लीत राहायचंय, मंजू. समताला राहायचंय." पुढच्या आठवड्यात त्यानं काकूंना पाच बकऱ्या आणून दिल्या. काकूंनी त्या घेतल्या. पण मामांचं नाव आता त्या घेत नाहीत. मामा तिकडून गेले तर दार लावून घेतात.

या हंगामात मामांना कुणी जागलीला बोलावलं नाही. रामरावांनी शेताभोवती सौरऊर्जेचं झटका यंत्र बसवलं, त्यांचं बघून आणखी तिघांनी. त्यांना ते एरवीही बसवायचंच असेल. तसं मी स्वतःला सांगते. पण पूर्वी मामा पारावर गेले की माणसं कुत्र्याच्या खरजेपासून सगळं विचारत. आता ते गेले की बोलणं थांबतं. मग त्यांनी जाणंच सोडलं.

समता आता अंगणात वाटेल तशी पळते. मी तिला अडवत नाही. ती पळते तेव्हा मी घरात जाऊन बसते.

मी एक दिवसाआड भाकरी घेऊन झोपडीवर जाते. दिवाळीनंतर मामा पडले. भुऱ्याला दोरानं फिरवत होते, नाल्यातून डुकरं निघाली, त्यानं ओढ घेतली आणि मामा वीस-पंचवीस हात फरफटत गेले. दोर सोडला नाही. तेव्हापासून कंबर धरली आहे, उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, "मंग याले कोन पाहीन?" प्रसेनजित एकदा भीतभीत म्हणाला होता की गुरांच्या डॉक्टरांना विचारू, एक इंजेक्शन... मामांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

भुऱ्या वाळला आहे. दिवसभर बांधलेला असतो, आणि बांधलेलं असं कुत्रं मी पाहिलेलं नाही. झोपत नाही. नाल्यापलीकडे पान हललं तरी उठून उभा राहतो. दोर ताणून एक पाय उचलतो. तासन्‌तास तसाच. गळ्याभोवतीचे केस गेलेत. त्याला सोडता येत नाही, पलीकडे पाच गावच्या बकऱ्या चरतात.

परवा गेले तेव्हा मामांनी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं होतं. हातात आता जोर राहत नाही, म्हणाले. मी भाकरी सोडून ठेवली आणि जे चार महिने म्हणायचं होतं ते म्हटलं.

"मामा, मी उद्या काकूंना सांगते. रामरावांनाही. लोढणं मी काढलं होतं."

ते भाकरीचा तुकडा भुऱ्यापुढं टाकत होते. भुऱ्यानं तो हुंगलाही नाही. "कायले?"

"लोक तुम्हाला..."

"लोकाइचं सोडा. तुमी काढलं तं काढलं. पन दोर तोडून थो तिकडंच काऊन गेला? चार महिने म्या त्याले शिकवलं. जखम भरली असती अन् म्या माह्या हातानं लोढणं काढलं असतं, तं थो आठव्या दिवशी गेला असता. हे मले त्याच दिशी समजलं. श्रावनात थो कापत होता, तुमी पाह्यलं ना? मीबी पाह्यलं होतं, सूनबाई. मले पाहाचं नव्हतं."

भुऱ्या उठला, दोर ताणला गेला, मामांचं शरीर बसल्या जागी थोडं पुढं ओढलं गेलं. त्यांनी हातानं जमीन धरली.

"हा अजून दहा-बारा वरसं काढीन," ते म्हणाले. "मी काई तेवढा नाई. माह्यामागं याचा दोर कोन धरीन, याच इचारानं मले रातची झोप येत नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मागितलं काहीच नाही. पण तिथं आम्ही दोघंच होतो. आमच्याकडे आणा, असं मला म्हणता आलं असतं. मी भाकरीचं फडकं झटकलं, घडी केली, आणि समताला अंगणवाडीतून आणायची वेळ झाली, एवढंच बोलून उठले.